नावं सापडेनात, ती सकाळ

दिघीच्या त्या घरात चहा फार वेळ निवत ठेवला जायचा. आई कप भरून पप्पांपुढे ठेवायची, पप्पा तो बशीत ओतायचे आणि बशीकडे बघत बसून राहायचे. ऑपरेशनच्या आधी असं नव्हतं. तेव्हा ते उभ्याउभ्या दोन फुंकरा मारून चहा संपवायचे, कारण चाकणला जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न देत असायची. घशातली स्वरयंत्राची पेटी काढल्यावर त्यांचा श्वास गळ्याच्या खालच्या बाजूला पाडलेल्या छिद्रातून चालू लागला. त्यामुळे आता तोंडाने फुंकर मारता येणार नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी सवयीने ओठ पुढे केले. चहावरची साय जागची हलली नाही. त्यांनी परत ओठ पुढे केले, मग मान वर करून आमच्याकडे बघितलं. आई म्हणाली, "बशीत घ्या." तेव्हापासून बशी.

आमचं घर वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालक तात्या आणि काकू राहायचे. तात्यांची जमीन केव्हाच प्लॉट पाडून गेली होती, तरी बोलताना ते अजून शेतातच उभे असायचे. मागच्या बाजूला लष्कराच्या हद्दीची लांबलचक भिंत होती, तिच्यापलीकडे बाभळी आणि गवत. तिकडून दिवसातून कधीही गोळीबाराच्या सरावाचे आवाज यायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. नवीन पाहुणे मात्र दचकायचे. मोबाइलला त्या बाजूला रेंज जेमतेम असायची. घरात बोलणं तुटायचं, म्हणून महत्त्वाचा फोन असला की सगळे गच्चीवर जायचे. गच्चीवर उन्हाळ्यात काकूंचे सांडगे आणि कुरडया वाळत पडलेल्या असायच्या आणि त्यांच्यातून पाय चुकवत, कानाला फोन लावून, कुणी ना कुणी फेऱ्या मारत असायचं.

पप्पांचा आवाज मोठा होता. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेसमशिनींच्या शेडमध्ये त्यांची मेंटेनन्सची सगळी नोकरी झाली, तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही. घरीही ते तसंच बोलायचे. "शुभे, दार उघड" ही हाक जिन्याखालून यायची आणि माझ्याबरोबर समोरच्या बिल्डिंगमधलं एखादं दारही उघडायचं. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून दाढेत धरलेल्या तंबाखूने तो आवाज नेला. ऑपरेशननंतर घर एकदम शांत झालं. कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, लष्कराच्या बाजूची पाखरं, असे आधी कधी न ऐकलेले आवाज घरात शिरले. हसताना पप्पांचे फक्त खांदे हलायचे. आई पालिकेच्या शाळेत शिकवायची, तिथूनच तिने त्यांच्यासाठी एक पाटी आणली होती. त्या पाटीवर ते लिहायचे, तेही मोजकंच. "मीठ." "पंखा." "शाळा केव्हा?" त्यांना वासही येईनासा झाला होता, म्हणून खरडा-भाकरीची गोडी गेली. आई ज्वारीची आंबील, मऊ भात, मुगाचं कढण करायची आणि मुलांना विचारावं तसं "बरंय का?" विचारायची. ते मान हलवायचे. गळ्यावरच्या छिद्रापुढे बांधायला तिने मलमलचे छोटे रुमाल शिवले होते. दोरीवर ते ओळीने वाळत घातलेले असायचे, तान्ह्या बाळाच्या घरी दिसतात तसे.

हॉस्पिटलमध्ये एक बाई बोलायला शिकवायच्या. हवा घशात गिळायची आणि ढेकर वर यावी तशी ती वर आणून तिच्यावर शब्द बसवायचा, अशी ती पद्धत. ऐकायला सोपी वाटते. पप्पांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांनी मान फिरवली. चारचौघांत ढेकर दिली तर माफी मागणारा माणूस, त्याने आता ढेकरेवरच बोलायचं. बाईंनी सांगितलं होतं की ट, क, प हे आवाज आधी जमतात, म्हणून पाट, काटा, पत्ता, टोपी अशा शब्दांनी सुरुवात झाली. 'मी' म्हणायला त्यांना फार जड जायचं. सराव ते बाथरूममध्ये करायचे, नळ सोडून. पाण्याच्या आवाजाखालून आम्हाला तुटक तुटक "टो-पी, टो-पी" ऐकू यायचं. बाहेर आले की चेहरा असा, की जणू आत फक्त तोंड धुतलं. आम्हीही काही ऐकलं नाही असं दाखवायचो. आमच्यासमोर त्यांनी एकही शब्द काढला नव्हता.

दरम्यान कंपनीची रजा संपत आली. पुन्हा प्रेसच्या शेडमध्ये त्यांना घेणार नाहीत हे उघड होतं. तिथली धूळ आणि तेलाची वाफ उघड्या छिद्राला चालणारच नव्हती. पण स्टोअरमध्ये, सुटे भाग देण्या-घेण्याच्या खिडकीवर, एक जागा होती. त्यासाठी मुख्य ऑफिसातल्या एक मॅडम आणि कंपनीचे डॉक्टर पप्पांना व्हिडिओवर बघणार होते. माणसाशी बोलून काम करता येईल इतपत बोलता येतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मॅडमचा मेसेज माझ्या फोनवर आला, खाली एक लिंक होती आणि अकराची वेळ. त्या दिवसापासून बाथरूममधला नळ जास्त वेळ वाहू लागला. शब्दही बदलले. "का-म. का-म. क-र-तो."

मी तेव्हा निगडीच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझा लॅपटॉप जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला. त्यात विंडोज इतकं रखडायचं की वर्गातल्या एका मैत्रिणीने ते पुसून लिनक्स घालून दिलं होतं, आणि मग तो बरा पळू लागला होता. लिनक्सच्या काळ्या खिडकीत मी कमांड टाइप करायला लागले की पप्पा मागे येऊन उभे राहायचे. आलेल्या-गेलेल्याला ते बोटाने माझ्याकडे दाखवायचे आणि हवेतच टाइप केल्यासारखी बोटं नाचवायचे. आमची कॉम्प्युटरची, असा त्याचा अर्थ. मला खरं तर फार काही येत नव्हतं. परीक्षेत नेटवर्कच्या पेपरात मार्क चांगले पडले होते, पण घरातलं नेट बंद पडलं तर राउटरची पिन काढून परत घालणं, यापलीकडे मी कधी गेले नव्हते.

मुलाखतीच्या त्या सकाळी आईने शाळेतून सुट्टी घेतली. खिशावर 'जगदाळे' असं नाव असलेला कंपनीचा निळा शर्ट तिने आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता. पप्पांनी तो घातला, खिशात पेन लावलं, नवा पांढरा रुमाल बांधला, केसांना तेल लावून भांग पाडला. आई म्हणाली, "थोडा शिरा केलाय, तोंड गोड करून बसा." मी टेबलावर लॅपटॉप मांडला, खिडकीचा पडदा असा सरकवला की उजेड त्यांच्या तोंडावर येईल, आणि एकदा तपासून बघावं म्हणून लिंक उघडली. पान उघडलं नाही. सर्व्हरचा पत्ता सापडत नाही, असं काहीतरी पडद्यावर आलं. मी दुसरं एक नेहमीचं पान उघडून बघितलं. तेही नाही. वायफायची खूण मात्र पूर्ण भरलेली होती.

मी पिन काढली, घातली. दिवे एकेक करून लागले, सगळे हिरवे. पान नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पप्पांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "कुठपर्यंत येतंय?" मशीन बंद पडली की ते असंच करायचे हे मला माहीत होतं, करंट मेनपासून निघतो, तो कुठपर्यंत पोचतोय हे टप्प्याटप्प्याने बघत जायचं. मी काळी खिडकी उघडली. आधी राउटरला साद घातली, त्याचं उत्तर आलं. मग बाहेरच्या जगातला एक आकडा मला पाठ होता, त्याला घातली. त्याचंही उत्तर आलं, एकामागून एक, नीट. मग त्याच जागी नाव टाइप केलं, आणि ओळ येऊन थांबली, की नाव शोधण्यात तात्पुरतं अपयश आलं आहे.

मी पप्पांना समजावून सांगितलं. समजावता समजावता मलाच ते पहिल्यांदा नीट समजत होतं. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाचा खरा पत्ता आकड्यांचा असतो. आपण नाव लिहितो, आणि नेट देणाऱ्याकडचं एक यंत्र त्या नावाचा आकडा काढून देतं. "रस्ता चालू आहे पप्पा. फक्त नावावरून पत्ता सांगणारं बंद पडलंय." त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "मग नंबरनेच जा."

"नंबरने नाही होत. एकाच नंबरावर शेकडो ठिकाणं असतात, नाव सांगितल्याशिवाय ते आत घेत नाही. आणि तो नंबर तरी मला कुठे माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. कळलं असं नाही, पण पोरगी सांगतेय तर असेल तसं, अशी.

तरी एक उपाय मला ठाऊक होता. नाव विचारायचं यंत्र बदलता येतं. लिनक्समध्ये एका फाइलीत त्याचा आकडा लिहिलेला असतो, तो खोडायचा आणि जगात कुणालाही वापरता येणाऱ्या दुसऱ्या यंत्राचा आकडा लिहायचा. मी तो लिहिला. पान नाही. फाइल परत उघडून बघितली तर माझा आकडा गायब, जुनाच परत आलेला. वायफाय तुटून जोडलं गेलं की लॅपटॉप ती फाइल आपणहून नव्याने लिहितो, हे मला माहीत नव्हतं. मी परत लिहिला, त्याने परत पुसला. कुठे जाऊन सांगितलं म्हणजे तो ऐकेल, हे शोधायला नेट लागणार होतं. शेवटी सेटिंगमध्ये एक रकाना सापडला, तिथे लिहिल्यावर आकडा टिकला. मी नाव टाइप केलं. तेच अपयश, तीच ओळ.

पुढे मी याच कामावर पोट भरलं, त्यामुळे आता मला कळतं की त्या सकाळी मी काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता. काही नेट देणारे नावांची सगळी विचारपूस वाटेत अडवून आपल्याच यंत्राकडे वळवतात, तुम्ही कुणाचाही आकडा लिहा. त्यांचं यंत्र बंद होतं, म्हणजे त्या गल्लीतल्या कुणालाच काही सापडणार नव्हतं. आज मी कितीतरी ऑफिसांची अशी दुखणी बसल्या जागी काढते. पण त्या टेबलाशी बसलेल्या मुलीला कुणी तरी येऊन "बाई गं, तुझ्या हातात नाही हे" एवढं सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. मी मात्र समजत होते की उत्तर आहे, ते मला येत नाहीये. आईने अगदी साधेपणाने विचारलं, "तू हेच शिकतेस ना गं?" तिच्या मनात टोमणा नव्हता. मी नाव पुन्हा टाइप केलं.

नेटवाल्याच्या नंबरावर आधीच भरून ठेवलेला एक गोड आवाज राउटर बंद करून चालू करायला सांगत होता. आई खाली जाऊन तात्यांना विचारून आली. तिच्यामागोमाग तात्याच जिना चढून आले. "आमचं बी बंद हाय. सकाळधरनं टीव्हीवर नुसतं गोल फिरतंय," ते दारातच म्हणाले. पप्पांचा इस्त्रीचा शर्ट बघून त्यांच्या लक्षात आलं. "आजच हाय व्हय ते? मग गाडी काढतो की. भोसरीला भाच्याकडं नेट हाय."

पण अकरा वाजत आले होते. भोसरीचा चौक त्या वेळी ओलांडून जाणं होण्यासारखं नव्हतं, हे तात्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "गच्चीवर जाऊ. फोनवरून उघडतं का बघू."

आम्ही सगळेच गच्चीवर गेलो. पप्पा जिन्यात दोनदा थांबले. चढताना छिद्रातून श्वासाचा शिट्टीसारखा आवाज यायचा. ऊन चढलं होतं. काकूंचे सांडगे एका धोतरावर पसरलेले होते. मी टाकीच्या सावलीत त्यांना उभं केलं आणि फोन हातात धरून लिंक उघडली. इथे नाव सापडलं. पान पांढरं झालं, मध्ये एक गोल फिरू लागला. रेंजची एक दांडी यायची, जायची. एकदा खाली बटण दिसलं, मी दाबलं, परत पांढरं. मी फोन वर धरला, भिंतीकडे नेला, टाकीवर चढून बघितलं. तात्या म्हणायचे, "हितं बघ. हितं येतीय एक काडी." आई पदराने पप्पांना वारा घालत होती. पप्पा नुसते माझ्याकडे बघत होते, शर्टाची कॉलर नीट करत. ते ओठ न हलवता आतल्या आत शब्द घोळवताहेत, हे त्यांच्या गळ्याच्या हालचालीवरून कळत होतं. अकरा होऊन गेले. मग आणखी बराच वेळ गेला. शेवटी पान उघडलं तेव्हा त्यावर एवढंच होतं की ही बैठक संपली आहे.

मी टाकीवरून खाली उतरले आणि तिथेच बसले. रडू आलं नाही. बोलता येतं का एवढंच बघायला ज्यांनी बोलावलं, त्यांना दिसलं काय, तर रिकामी चौकट. तात्या म्हणाले, "असू दे पोरी, सरकारी काम न्हाई ते, परत बोलावत्याल." आई म्हणाली, "त्या मॅडमना फोन कर. सांग नेट बंद होतं म्हणून."

ती नोकरी पुढे राहिली नाही, हे इथेच सांगून टाकते. मुलाखत नंतर झाली, नेट उत्तम चाललं, सगळे चांगलं बोलले, आणि काही महिन्यांनी कंपनीने त्यांना आजारपणाच्या कारणावरून निवृत्त केलं. स्टोअरच्या खिडकीवर दुसरंच कुणीतरी बसलं. पप्पा मग दर आठवड्याला हॉस्पिटलात जाऊ लागले. नुकतं ऑपरेशन झालेली, भिंतीकडे तोंड करून पडलेली माणसं असत, त्यांच्या खाटेपाशी बसायचे. पण मला त्या सगळ्या काळातलं जे आठवतं, ते गच्चीवरचंच.

मॅडमचा नंबर मेसेजमध्ये होता. मी तो लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला आणि काय बोलायचं ते मनाशी जुळवू लागले. रिंग वाजत असताना पप्पांनी हात पुढे केला. मला वाटलं त्यांना नंबर बघायचाय. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"हॅलो, कोण बोलतंय?" मॅडमचा आवाज आला.

पप्पांनी हवा गिळली. त्याला वेळ लागतो. पलीकडून दोनदा "हॅलो" झालं. मग त्यांच्या गळ्यातून तो आवाज निघाला, नळाच्या पाण्याशिवाय, उघड्यावर, आम्हा सगळ्यांसमोर. जाड, खरखरीत, फुटलेला. "ज... जग... दा..."

"हॅलो? तुमचा आवाज नीट येत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. जरा वेळाने करा." आणि फोन बंद झाला.

तात्या उगाच सांडग्यांखालचं धोतर सारखं करू लागले. पप्पांचे कान लाल झाले होते. मी उठून त्यांच्याजवळ गेले. "द्या पप्पा, मी सांगते. मी सगळं नीट समजावून सांगते त्यांना." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पाटी खाली टेबलावरच राहिली होती, त्यामुळे का नको, ते लिहूनही दाखवता येत नव्हतं. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो हळूच बाजूला केला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि अंगठ्याने स्वतःच परत नंबर लावून स्पीकर चालू केला.

भिंतीपलीकडे गोळीबाराचा सराव सुरू झाला होता. रिंग बराच वेळ वाजली.

"हॅलो," मॅडम म्हणाल्या. आवाजात थोडी घाई होती.

या वेळी पप्पांनी हवा आधीच गिळून ठेवली होती. "जग... दाळे," ते म्हणाले. "चा... कण... प्लांट."

"हॅलो, अहो तुमचा आवाज पुन्हा कट होतोय—"

"कट... नाही." त्यांनी परत हवा गिळली. गळ्यावरचा रुमाल आत गेला, बाहेर आला. आईने माझं मनगट धरलं होतं, घट्ट. "आवाज... असाच... आहे."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन परत तुटला. पप्पांनी तो कानाजवळ नेला, मग समोर धरून बघितला. पडद्यावर वेळ पुढे सरकत होता.

"बोला जगदाळे," मॅडम म्हणाल्या. "सावकाश बोला. मी ऐकतेय."